अंथरूण कोणाचे, पाय कोणाचे?

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. पाऊस नुकताच येऊन गेला होता आणि रिवाजाप्रमाणे लाइटही एकदा जाऊन आली होती. जेवण उरकून मी वर्तमानपत्राची उरलेली दोन पाने चाळत बसलो होतो, तेवढ्यात दाराची कडी वाजली. पाहतो तो आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आणि त्यांची लेक. मावशींची वेळ सकाळची. रात्री त्या कधी येत नाहीत. लेकीच्या हातात मोबाइल होता आणि डोळे लाल झाले होते.

“काका, तुमच्या कंप्युटरवर एवढा फॉर्म भरून द्या की. आज शेवटची तारीख हाय. बारा वाजता बंद व्हायलंय म्हणं,” मावशी म्हणाल्या. “पोरगी दुपारपासून बसली, पण ते उघडनाच.”

मुलगी दहावी झालेली. घरात एवढे शिकलेली पहिलीच. एका संस्थेत पदविकेला प्रवेश घ्यायचा तिच्या मनात होते आणि फी भरण्यासाठी मावशींनी भिशीचे पैसे आधीच उचलून ठेवले होते. फोन होता तिच्या भावाचा जुना, काचेला आडवा तडा गेलेला. मी तो हातात घेतला तर तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा गरम. मुलीने संस्थेचे पान पुन्हा उघडून दाखवले. आधी पांढरा पडदा. मग एक गोल फिरत राहिला. मग संस्थेची इमारत हवेत तरंगत, स्वतःभोवती फिरत येऊ लागली. मागे हसणाऱ्या विद्यार्थ्यांचा व्हिडिओ, वरून फुलांच्या पाकळ्या. इमारत निम्मी फिरली आणि अडकली. फोनने क्षणभर दम धरला आणि पान बंद करून टाकले. “असंच होतंय काका, सात-आठ वेळा झालं,” मुलगी म्हणाली.

मी माझा लॅपटॉप काढला. तोही २०१४ सालचा, म्हणजे माझ्यासारखाच निवृत्त. पान उघडताच त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडू लागला. इमारत आली, अर्धी फिरली आणि तिथेच थिजली. घड्याळात दहा वाजून गेले होते. शेवटी मी अमेरिकेत असलेल्या माझ्या पुतणीला फोन लावला. तिकडे दुपारच्या जेवणाची वेळ. वेबसाइटवरची चित्रे आणि हालती दृश्ये तयार करणे हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग आहे. तिने तिच्या मशिनवर ते पान उघडले, दोन मिनिटे काही पाहिले आणि म्हणाली, “मोठेकाका, फॉर्म अगदी साधा आहे हो. तो या सगळ्या देखाव्याच्या मागे आहे. तुम्हाला थेट त्याचाच पत्ता पाठवते.”

तिने पाठवलेला पत्ता मुलीच्या त्याच तडा गेलेल्या फोनवर टाकला. पापणी लवायच्या आत फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख, गुण, प्रवर्ग, पत्ता. एवढेच. अकरा वाजून वीस मिनिटांनी फॉर्म भरून झाला आणि पोच आली. मावशींनी चहाही घेतला नाही. सकाळी पोळ्यांना उशीर नको म्हणून तडक निघून गेल्या.

त्या गेल्या आणि माझी झोप उडाली. आत जायचे दार उघडेच होते आणि घरही साधेच होते. पण दारातली रांगोळी एवढी मोठी काढून ठेवली होती की पाऊल टाकायला जागा नव्हती. आणि ही रांगोळी काढणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसणार. पाहुण्यांचे स्वागत थाटात व्हावे, एवढीच त्याची हौस.

आपल्याकडे म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. ही म्हण आपण नेहमी गरिबाला ऐकवतो. बँकेच्या नोकरीत मीही कर्ज मागायला आलेल्या किती जणांना ती ऐकवली असेल! पण त्या रात्री मला वाटले, ही म्हण आपण चुकीच्या माणसाला सांगतो आहोत. वेबसाइटचे पान आपल्या फोनवर येते ते पाहुणा म्हणून. फोन आपला, त्यातली जागा आपली, बॅटरी आपली, डेटा पॅकचे पैसे आपले. म्हणजे अंथरूण आपले. पाय पसरणारा तो. मग अंथरूण पाहायचे कोणी?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पुतणीला निवांत वेळ होता आणि मला निवृत्तीनंतर वेळच वेळ. तिच्याकडून हा सगळा प्रकार समजून घेतला. तो जेवढा मला कळला तेवढा वाचकांपुढे ठेवतो. त्याआधी एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही पुतणी २००१ साली जन्मली आणि तिचा पहिला फोटो माझ्या भावाने ई-मेलने पाठवला. आम्ही सारे घरचे लोक आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, एका सायबर कॅफेत गेलो. फोटो दोनशे केबींचा. मोडेमचा वेग कागदावर सेकंदाला ५६ हजार बिट असला, तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी नशीब. त्यात एका लाइनवर चार मशिने. वरून खाली फोटो उतरू लागला. आधी पाळण्याची कड, मग काळेभोर जावळ, मग कपाळ. कपाळापाशी तो अडला आणि दोन मिनिटे अडूनच राहिला. नाक कुणासारखे यावर आई आणि वहिनीचा वाद तोपर्यंत मिटला नव्हता. ते बाळ आज मला चित्रांचे वजन समजावून सांगते आहे.

तिने सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे चित्राला दोन वजने असतात. एक प्रवासातले आणि दुसरे घरात आल्यावरचे. आपण फोटोची फाइल तीन एमबीची आहे असे म्हणतो, ते झाले प्रवासातले वजन. चित्र दाबून, घडी घालून पाठवलेले असते. पण पडद्यावर दाखवायचे तर फोनला ती घडी उलगडावी लागते. पापडाचे जसे असते, डब्यात पन्नास मावतात आणि तळल्यावर चारांतच परात भरते, तसेच हे. साध्या कॅमेऱ्यातला चार हजार ठिपके रुंद आणि तीन हजार ठिपके उंच असा फोटो घ्या. झाले एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी साधारणपणे चार बाइट लागतात. म्हणजे तीन एमबीची फाइल उलगडली की ४८ एमबी जागा खाते. मावशींच्या लेकीच्या फोनचा पडदा समजा ७२० ठिपके रुंद. त्याला ७२० गुणिले ५४० ठिपक्यांचे चित्र पुरते आणि त्याला जागा लागते दीड एमबीच्या आसपास. तीसपट जागा खर्च करून मोठे चित्र आणायचे आणि शेवटी ते लहान करूनच दाखवायचे! असे पाच-सहा फोटो एका पानावर असले की दोन जीबीचा फोन हात वर करणारच. कारण त्या दोन जीबीत फोनचे स्वतःचे कामकाज, व्हॉट्सॲप आणि बाकीचा संसारही असतो.

दुसरी गोष्ट हालत्या चित्राची. इमारत फिरताना दिसते, तेव्हा ती खरोखर फिरत नसते. बहुतेक पडद्यांवर सेकंदाला साठ वेळा नवे चित्र येते. म्हणजे एक चित्र काढायला फोनला सेकंदाचा साठावा भाग मिळतो. इमारतीच्या भिंती हजारो लहान त्रिकोणांच्या बनलेल्या असतात. प्रत्येक त्रिकोण कुठे पडला, त्यावर उजेड कसा पडला, सावली कुठे गेली, हा हिशेब दर वेळी नव्याने करावा लागतो. हे काम करणारी वेगळी चिप असते. भारी फोनमध्ये ती तगडी असते, स्वस्त फोनमध्ये बेताची. बेताच्या चिपला तो हिशेब वेळेत पुरा होत नाही, मग चित्र अडखळते. ती जोर लावते, फोन तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम सावकाश चालू लागतो. मग आणखी अडखळतो. दमेकऱ्याला जिना चढायला लावावे, तशी गत होते.

“मग पानाला कळावे कसे, की समोर दमेकरी आहे की पैलवान?” मी विचारले.

पुतणीने तीन मार्ग सांगितले आणि ते ऐकून मला आमची कर्ज शाखा आठवली. पहिला मार्ग, विचारणे. पान ब्राउझरला विचारू शकते की पडदा केवढा, मशिनमध्ये एका वेळी काम करणारे मेंदू किती, मेमरी किती, नेटचा वेग साधारण कसा, डेटा वाचवण्याचे बटन दाबलेले आहे का. पण सगळे ब्राउझर सगळी उत्तरे देत नाहीत आणि त्याला कारणही रास्त आहे. एखाद्या मशिनची बारीकसारीक माहिती गोळा केली, की त्या माहितीवरूनच माणूस ओळखता येतो आणि मग जाहिरातवाले त्याच्या मागे लागतात. म्हणून क्रोम ब्राउझरमध्ये २०१७ साली मेमरी सांगण्याची सोय आली, तेव्हा ती ठोकळ आकड्यातच ठेवली. पाव जीबी, अर्धा, एक, दोन, चार आणि आठ. त्याच्यावर कितीही असली तरी तेव्हा उत्तर आठच मिळे. श्रीमंताने आपली सगळी मालमत्ता सांगू नये आणि गरिबाची अगदी पैशापर्यंत चौकशी होऊ नये, असा हा समजूतदारपणा.

दुसरा मार्ग, पाहणे. बँकेत अर्जावर माणूस काय लिहितो यापेक्षा त्याच्या खात्याची उलाढाल काय सांगते, हे आम्ही आधी पाहत असू. तसेच पानाने करायचे. सुरुवात साध्या चित्राने करायची आणि एकेक चित्र काढायला फोनला किती वेळ लागतो ते मोजायचे. वेळेत जमत असेल तर हळूहळू सावल्या वाढवायच्या, रंगांची झळाळी वाढवायची. जमत नसेल तर मुकाट्याने एक पायरी खाली उतरायचे. यात एक खुबी आहे. एका क्षणी बरे चालले म्हणून लगेच वर आणि दुसऱ्या क्षणी अडखळले म्हणून लगेच खाली, असे केले तर चित्र सारखे लुकलुकत राहते. म्हणून खाली लवकर उतरायचे, पण वर चढताना दम धरायचा. एका महिन्याची उलाढाल चांगली दिसली म्हणून कोणत्या शहाण्या मॅनेजरने कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून दिली आहे?

तिसरा मार्ग सगळ्यांत जुना आणि मला सगळ्यांत आवडलेला. माणसालाच विचारायचे. “साधे पान हवे की सजवलेले?” एवढे एक बटन दारातच ठेवायचे. त्याच्या अंथरुणाची लांबी त्याच्याएवढी कोणाला ठाऊक असणार?

हे सगळे ऐकताना मला राहून राहून अजिंठा आठवत होता. आम्ही संभाजीनगरकर कशाचेही उदाहरण अजिंठा-वेरूळला नेऊन भिडवतो अशी बाहेरचे लोक थट्टा करतात, करोत बापडे. पण एकच चित्र, ते पाहणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे किती परींनी पोचवावे लागते, याचा इतिहास अजिंठ्याएवढा दुसरीकडे क्वचित सापडेल. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. त्यानंतर प्रश्न पडला की इथवर येऊ न शकणाऱ्यांना ही चित्रे दाखवायची कशी? १८४४ सालापासून रॉबर्ट गिल याने तैलरंगात मोठाल्या नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ असा त्यांचा उद्योग चालला. त्याही नकलांपैकी अनेक लंडनला आगीत गेल्या. पण १८९६-९७ साली त्यांचे दोन खंड छापून निघाले आणि त्यात काही चित्रे रंगीत, काही एकरंगी, तर काही नुसत्या रेषांची. छपाईला जेवढे झेपेल तेवढे. पुढे निजामाच्या राज्यातल्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत अजिंठ्याचा ग्रंथ काढला, त्याच्या नावातच रंगीत आणि एकरंगी असे दोन्ही शब्द आहेत.

पद्मपाणी एकच. पहिल्या लेण्यातल्या भिंतीवरचा. पण कोणाकडे तो तैलरंगात गेला, कोणाकडे शिळाछापाच्या रंगात, कोणाकडे काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात आणि कोणाकडे नुसत्या रेषेत. रेषेतल्या पद्मपाणीच्याही हातातले कमळ गळून पडले नाही आणि त्याची नजर खाली वळलेलीच राहिली. काय सोडायचे आणि काय कोणत्याही परिस्थितीत सोडायचे नाही, हे त्या नकला करणाऱ्यांना कळत होते. सगळे मर्म मला यातच दिसते.

संगणकाच्या चित्रांत हा विचार नवा नाही. जेम्स क्लार्क नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७६ साली एक निबंध लिहून सांगितले की लांबच्या वस्तूचे चित्र जवळच्या वस्तूइतके तपशीलवार काढण्यात काही अर्थ नाही. आपला देवगिरीचा किल्लाच पाहा ना! वेरूळच्या रस्त्याने जाताना लांबून तो डोंगराचा एक सुळका दिसतो. जवळ गेल्यावर तट दिसतो, आणखी जवळ गेल्यावर खंदक आणि दारावरचे खिळे. मग संगणकाने तरी लांबूनच खिळे का काढत बसावे? एकाच वस्तूची ठोकळ, मध्यम आणि बारीक अशी तीन-चार रूपे तयार ठेवावीत आणि अंतराप्रमाणे दाखवावीत. याच क्लार्कने पुढे १९८२ साली सिलिकॉन ग्राफिक्स ही चित्रांच्या तगड्या संगणकांची कंपनी काढली आणि १९९४ साली मार्क अँड्रीसन या तरुणाला घेऊन नेटस्केप काढली, जिच्या ब्राउझरमधून जगातल्या असंख्य लोकांनी इंटरनेट पहिल्यांदा पाहिले.

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यावर फक्त अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. तरीही त्या अक्षरांच्या खिडकीतून मुले जगाशी बोलली. चित्राच्या जागी चित्रात काय आहे ते शब्दांत लिहून ठेवायची सोय अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून होती आणि अंध वाचकांना ती आजही कामाला येते. तेव्हा पुष्कळ संगणकांना २५६ रंगच दाखवता येत. त्यातले २१६ रंग विंडोज आणि मॅकिंटॉश दोन्हींवर सारखे दिसत, म्हणून पाने रंगवणारे त्या २१६ रंगांतच संसार करीत. चित्र आधी धूसर, पण पुरते दिसावे आणि मग हळूहळू स्पष्ट व्हावे, अशी युक्तीही तेव्हापासूनची. आमच्या पुतणीचा फोटो भावाने त्या पद्धतीने पाठवला असता तर नाकाचा वाद लवकर मिटला असता!

गंमत अशी की मशिने दुबळी होती तेव्हा हा संयम सगळ्यांना होता. मशिने तगडी झाली आणि तो सुटला. पुतणी म्हणाली, “मोठेकाका, आमच्याकडे पान तयार करणाऱ्याचं मशिन सगळ्यांत भारी असतं आणि ऑफिसचं नेट सगळ्यांत वेगवान. त्याला स्वतःच्या टेबलावर सगळं छानच दिसतं.” हे मला लगेच पटले. केबिनमध्ये बसलेल्या मॅनेजरला काउंटरची रांग दिसत नाही, हा आमचाही अनुभव. फेसबुक कंपनीने २०१५ साली यावर एक उपाय काढला होता. दर मंगळवारी कर्मचाऱ्यांनी, मर्जी असेल तर, तासभर टूजीच्या मंद वेगावर आपलेच ॲप वापरून पाहायचे. भारतासारख्या देशांतल्या माणसाला काय सोसावे लागते ते त्यांना स्वतःच्या बोटांना कळावे म्हणून.

आणि हे आपल्याला परके नाही. २०१७ साली दीड हजार रुपयांच्या अनामतीवर जिओफोन आला. त्याचा पडदा २.४ इंचांचा आणि मेमरी ५१२ एमबी. अशा फोनवरही लोकांनी व्हिडिओ पाहिले, कारण कोणीतरी तो त्याच्या अंथरुणाएवढा करून पाठवला होता. एक जीबी किंवा त्याहून कमी मेमरीच्या फोनसाठी गूगलने अँड्रॉइडची हलकी आवृत्ती काढली तीही त्याच वर्षी. यूट्यूबने आपल्याकडच्या लोकांसाठी ‘यूट्यूब गो’ काढले होते, ते २०२२ साली बंद केले. आता सगळे महाराष्ट्रातले कामकाज फोनवर आले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो काढून नोंद करायची आहे. त्या बांधावरचा फोन सरकारने दिलेला नाही. तो शेतकऱ्याचा आहे, बहुधा मुलाने वापरून झालेला. अशा वेळी चित्र किती जड ठेवायचे हा प्रश्न सजावटीचा उरत नाही. त्यावर नोंद होणार की राहणार हे ठरते, आणि नोंदीवर पुढचे बरेच काही.

पण इथे एक धोकाही आहे आणि तो पुतणीनेच सांगितला. हलके पान म्हणजे दुय्यम पान, अशी सवय लागली की गरिबाच्या वाट्याला अर्धी माहिती जाते. भारी फोनवर शिष्यवृत्तीची जाहिरात दिसते आणि स्वस्त फोनवर तो कोपराच कापलेला असतो. हे काही बरोबर नव्हे.

याबाबतीत बँकेचा एक जुना नियम मला फार मोलाचा वाटतो. पैसे काढायला सही लागते. सही येत नसेल तर अंगठा. आजारपणाने हाताचा अंगठाही उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. तेही जमत नसेल तर साक्षीदारांसमोर कागदावर नुसती खूण. मी स्वतः एका खेड्यात, पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्या बाईंच्या खाटेपाशी असा साक्षीदार म्हणून उभा राहिलो आहे. बाईंनी थरथरत्या हाताने एक आडवी रेघ ओढली. तिला रेघ म्हणणेही धाडसाचे. पण त्या रेघेवर त्यांना जे पैसे मिळाले ते पूर्ण मिळाले. सही करणाऱ्याला शंभर आणि रेघ ओढणाऱ्याला साठ, असे बँक करीत नाही. माणसाच्या ताकदीप्रमाणे रीत बदलते. रक्कम बदलत नाही.

वेबसाइटच्या पानालाही हाच नियम लावावा. फिरती इमारत नसली तरी चालेल, स्थिर फोटो चालेल. फोटोही जड होत असेल तर नुसते नाव चालेल. पण फॉर्म, शेवटची तारीख, फी, शिष्यवृत्ती, चौकशीचा फोन नंबर यातले अक्षरही कमी होता कामा नये. आणि तेच पहिल्यांदा यावे. बाकीची रांगोळी मागाहून, वेळ आणि जागा उरली तर.

याचा अर्थ ज्यांच्याकडे भारी मशिने आहेत त्यांनी कोरडे पान पाहत बसावे, असे मी म्हणत नाही. पुतणीने मला व्हिडिओ कॉलवर तिच्या मशिनमध्ये अजिंठ्याचे एक चित्र मोठे करून दाखवले. रंगाला गेलेले बारीक तडे दिसत होते, दागिन्यातला एकेक मोती दिसत होता. लेण्यातल्या मंद उजेडात पन्नास वर्षे जाऊन-येऊनही मला ते दिसले नव्हते. तगड्या मशिनचा हा आनंद खरा आहे आणि तो ज्याला मिळेल त्याने घ्यावा. पोटभर जेवणाऱ्याला वाढू नये असे कोण म्हणेल? पण पंगतीत वाढणारा शहाणा असतो. तो पान पाहतो, पानावरचा माणूस पाहतो आणि मगच वाढतो. लहान मुलाच्या पानात तो पाच पुरणपोळ्या टाकीत नाही आणि म्हणून त्याला उपाशीही उठवीत नाही.

मावशींच्या लेकीला प्रवेश मिळाला. पहिले वर्ष तिने चांगल्या गुणांनी पार पाडले. परवा जूनमध्ये ती पेढे घेऊन आली तेव्हा मी सहज विचारले, “तुमच्या संस्थेची ती इमारत अजून फिरते का गं?”

“फिरती की काका,” ती हसून म्हणाली. “पण आमच्या गल्लीतल्या पोरींना म्या सांगितलंय, तिच्या नादी लागू नका. मागच्या दाराचा पत्ता मोबाइलच्या दुकानात कागदावर लिहून लावलाय. यंदा चौघींनी तिथूनच फॉर्म भरले.”

मला आनंद झाला आणि थोडी शरमही वाटली. पुढच्या दाराने येण्याचा ज्यांचा हक्क आहे, त्या मुलींना आपण मागचे दार शोधायला लावतो आहोत. संस्थेच्या पत्त्यावर मी एक पोस्टकार्ड टाकले आहे. बँकेच्या सवयीने मजकूर चार ओळींचाच लिहिला. पाहुणे होऊन दुसऱ्याच्या घरी जाता, तर त्याचे अंथरूण पाहा, एवढाच त्याचा आशय. पोस्टकार्ड हलके असते. कोणाच्याही दारात मावते. ते वाचले जाईल अशी आशा आहे.